डायनाच्या पिस्तुलातली काडतुसे

ई. एम. हल या इंग्रज लेखिकेची 'द शेख' ही कादंबरी १९१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची नायिका डायना मेयो आईबापाविना, मोठ्या भावाच्या हाताखाली, मुलग्यासारखी वाढलेली. ती पुरुषांसारखी मांड टाकून घोड्यावर बसते, लग्नाच्या मागण्या हसून उडवून लावते आणि अल्जीरियातल्या बिस्क्रा गावाहून महिनाभराच्या वाळवंटी सफरीवर भावाशिवाय निघते. जवळ पिस्तूल असते आणि ते चालवायची सवयही असते. वाटेत शेख अहमद बेन हसनची टोळी तिला गाठते, तेव्हा ती न डगमगता त्याच्यावर गोळी झाडते. एकदा, मग पुन्हा. शेखला काहीही होत नाही. उलगडा मागाहून होतो. सफरीवर निघण्याआधी रात्री शेख तिच्या खोलीत शिरला होता आणि तिच्या पिस्तुलात बिनगोळीची काडतुसे भरून गेला होता. बार झाला, धूर निघाला, पण गोळी सुटलीच नाही.

कादंबरीच्या अगदी शेवटी पुन्हा पिस्तूल येते. तोवर डायना त्याच्या प्रेमात पडलेली आहे, आणि आता पश्चात्ताप झालेला शेख तिला परत पाठवायला निघाला आहे. ती पिस्तूल स्वतःकडे वळवते. या वेळी काडतूस खरे असते. शेख तिचा हात झटकून वर करतो, गोळी बाजूने निघून जाते आणि दोघे एकमेकांच्या मिठीत येतात.

त्याच्यावर रोखलेले पिस्तूल पोकळ आणि स्वतःवर रोखलेले भरलेले, हा तपशील हलबाईंनी मुद्दाम योजला असेल असे मला वाटत नाही. त्या डर्बीशरमधल्या एका शेतकऱ्याच्या पत्नी होत्या आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात, नवरा दूर असताना, त्यांनी स्वतःच्या विरंगुळ्यासाठी ही कादंबरी लिहिली. पण न योजता उतरलेला तपशील कधी कधी योजलेल्यापेक्षा जास्त सांगून जातो. गेली चारपाच वर्षे मी आजच्या इंग्रजी 'डार्क रोमान्स' कादंबऱ्या वाचते आहे, आणि प्रत्येक नवी 'कणखर नायिका' समोर आली की माझा पहिला प्रश्न तोच असतो: हिच्या पिस्तुलात काय भरले आहे, आणि ते कोणी भरले?

ज्यांचा या प्रकाराशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डार्क रोमान्स म्हणजे अशी प्रेमकथा, जिच्यात नायक अपहरणकर्ता, माफियाचा वारस, मारेकरी किंवा नायिकेचा चोरून पाठलाग करणारा असतो. तो सुधारतोच असे नाही. कथेचा शेवट मात्र सुखाचा, निदान दोघे एकत्र असण्याचा. या नायकाला 'आल्फा' म्हणतात. मलपृष्ठावर नायिकेची ओळख हमखास 'धारदार जिभेची', 'कोणापुढे न झुकणारी' अशी करून दिलेली असते. वाचक बहुतांशी स्त्रिया, लेखकही बहुतांशी स्त्रियाच. आपल्याकडेही या पुस्तकांच्या प्रती, बऱ्याचदा चोरट्या छपाईच्या, पदपथावर मांडलेल्या दिसतात आणि महाविद्यालयीन मुली त्या उघडपणे विकत घेतात. त्या उघडेपणाचे मला कौतुकच आहे. आमच्या पिढीत असली पुस्तके वर्तमानपत्राचे कव्हर घालून वाचली जात.

या प्रकारावर आपल्याकडे लिहिले जाते ते दोनच तऱ्हांनी. एकतर 'मुली बिघडताहेत', नाहीतर 'कल्पनाच ती, बायकांना काय वाचावे हे सांगणारे तुम्ही कोण?' दुसऱ्या बाजूशी मी बरीचशी सहमत आहे. पण वाचणारीला मोकळे सोडले म्हणजे पुस्तकालाही मोकळे सोडले पाहिजे असे नाही. पुस्तकाची तपासणी व्हायलाच हवी, आणि ती पुस्तकाच्याच हत्यारांनी.

'द शेख'मध्ये आणखी एक जागा आहे. बंदिवासात असताना डायना एकदा संधी साधून घोड्यावरून पळते. शेख पाठलाग करतो, आणि ती थांबत नाही म्हटल्यावर तिच्या घोड्याला गोळी घालतो. घोड्याचे नाव सिल्व्हर स्टार. मग तो तिला स्वतःच्या घोड्यावर घेऊन परत निघतो आणि त्या परतीच्या वाटेवर डायनाला साक्षात्कार होतो की आपले या माणसावर प्रेम आहे. क्रम पाहा. सुटकेचे साधन नष्ट झाले आणि पुढच्याच काही पानांत प्रेम उमगले. आधी प्रेम उमगले आणि म्हणून ती थांबली असती, तर ती वेगळी कादंबरी झाली असती.

हलबाईंना आपल्या नायकाची लाज वाटत असावी. कारण शेवटाकडे कळते की शेख अरब नाहीच. तो एका इंग्रज उमरावाचा मुलगा, आई स्पॅनिश. म्हणजे १९१९ च्या इंग्रज वाचकाला बलात्कार पचू शकत होता, वंश नाही. दोन वर्षांनी रुडॉल्फ व्हॅलेंटिनोला घेऊन अमेरिकेत चित्रपट निघाला. त्यात बलात्कार गाळला, पण उमरावाचा मुलगा तेवढा ठेवला. नायकाच्या निर्दयतेला शेवटी काहीतरी सबब पुरवायची, ही रीत तिथून पक्की झाली. पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास मी या सबबींचा इतिहास म्हणून वाचते.

त्याआधी मात्र दोन बहिणींकडे जावे लागते. आजच्या लेखिका आपली वंशावळ सांगताना 'वुदरिंग हाइट्स' आणि 'जेन एअर' यांची नावे घेतात. दोन्ही १८४७ च्या. हीथक्लिफ आणि रॉचेस्टर हे आपल्या नायकांचे पूर्वज, असे त्यांचे म्हणणे. नायकांपुरते ते खरेही आहे. नायिकांचे काय?

एमिली ब्राँटेच्या कादंबरीतली इझाबेला लिंटन सगळे विसरतात. ती कॅथरीनची नणंद. हीथक्लिफच्या रांगड्या, गूढ रूपाला भुलून ती त्याच्याबरोबर पळून जाते. निघताना तो तिच्या कुत्रीला फास लावून टांगतो, तरी तिचे डोळे उघडत नाहीत. पुढे तो स्वतःच तिची टिंगल करतो की हिने मला एखाद्या प्रेमकथेतला नायक समजून घेतले. म्हणजे डार्क रोमान्सची वाचक कादंबरीतच पात्र म्हणून आणून बसवण्याचे काम एमिलीने पावणेदोनशे वर्षांपूर्वी करून ठेवले आहे. आणि तिच्यावर ती केवळ हसत नाही. हीथक्लिफ इझाबेलाला सुरी फेकून मारतो. ती बर्फातून धावत माहेरी येते, लग्नाची अंगठी काढून ठेचते, विस्तवात टाकते आणि दक्षिणेला लंडनच्या बाजूला निघून जाते. मूल तिकडेच जन्मते. ती पुन्हा परतत नाही. त्या कादंबरीत क्रूर नायकाला सोडून खरोखर जाणारी बाई ती एकटीच. पण तिची गणना कोणी कणखर नायिकांत करत नाही, कारण मुळात ती नायिका नाही. ती फसलेली बाई.

शार्लट ब्राँटेची जेन दुसऱ्या तऱ्हेने जाते. रॉचेस्टरची पहिली बायको माडीवर कोंडलेली आहे हे ऐन लग्नाच्या वेळी उघड झाल्यावर ती थॉर्नफील्ड सोडते. जवळ वीस शिलिंग. तेही गाडीभाड्यात जातात, आणि बोचके गाडीतच राहून जाते. पुढचे दोनतीन दिवस ती उपाशी हिंडते. डुकरापुढे टाकायला नेलेली लापशी मागून खाते. शार्लट हे सगळे तपशिलात लिहिते, कारण सोडून जाण्याची किंमत किती हे तिला आकड्यांत माहीत आहे. पुढे काकाच्या वारशाचे वीस हजार पौंड जेनला मिळतात. ती ते तीन आत्येभावंडांबरोबर वाटून घेते, म्हणजे पाच हजार तिच्या वाट्याला. मगच ती रॉचेस्टरकडे परतते. तोवर आगीत त्याची दृष्टी आणि एक हात गेला आहे. लेखिकेने तराजू बरोबरीत आणायला केवढी उलथापालथ केली आहे! जेनच्या हाती पिस्तूल नव्हते. पण तिच्याकडे खरे काडतूस होते: ती जाऊ शकत होती, उपाशी राहू शकत होती आणि शेवटी स्वतःच्या पैशाने परत येऊ शकत होती.

यातून मला जी कसोटी सापडली ती इतकीच: नायिका सोडून जाऊ शकते का, गेली तर जेवेल का, आणि तिच्या जाण्याने नायकाला खरोखर काही गमवावे लागते का. जीभ किती धारदार आहे याने फारसे काही ठरत नाही.

ब्राँटे भगिनींपासून डार्क रोमान्सपर्यंतची सलग वाट मिल्स अँड बून या प्रकाशन संस्थेतून जाते. जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांनी ती १९०८ मध्ये लंडनला काढली आणि पुढे ती केवळ प्रेमकथांकडे वळली. चार्ल्सचा मुलगा ॲलन बून संपादन पाहू लागला तेव्हा घरचे दोन अलिखित नियम होते. जोसेफ मॅकअलीरने या संस्थेच्या इतिहासात ते नोंदवले आहेत. पहिला 'आल्फामॅन'चा: निसर्गात मादी सर्वांत बलवान नराकडे ओढली जाते, म्हणून नायक तसाच हवा. आज ज्या शब्दाचा एवढा बोलबाला आहे, तो या लेखनव्यवहारात एका प्रकाशकाच्या टेबलावर रुजला. दुसरा नियम पर्सी लबक या समीक्षकाच्या नावाने ओळखला जाई: गोष्ट नायिकेच्या नजरेतून सांगायची.

हा दुसरा नियम पहिल्याइतका गाजला नाही, पण माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे. गोष्ट फक्त नायिकेच्या नजरेतून असेल तर नायक बंद खोलीसारखा राहतो. तो तुसडेपणाने का बोलला, मनगट का पिरगाळले, मध्येच का निघून गेला, ते तिला कळत नाही आणि आपल्यालाही. शेवटच्या प्रकरणात तो सांगतो: मी पहिल्या दिवसापासून तुझ्यावर प्रेम करत होतो. मग मागची सगळी क्रूरता उलटी वाचायची, की तो राग नव्हता, ती धडपड होती. सगळे पुस्तक म्हणजे एक कोडे आणि शेवटचा कबुलीजबाब ही त्याची किल्ली.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी एका लहान लायब्ररीत संध्याकाळी गल्ल्यावर बसत असे. या विषयाचे माझे सगळे शिक्षण तिथले. पदवी वेगळ्याच विषयाची, तीही पत्राने घेतलेली. मिल्स अँड बूनची पुस्तके मागच्या कपाटात, अनामत वेगळी. नावे इतकी सारखी की आपण हे वाचले आहे की नाही हे वाचणारीलाच आठवत नसे. म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली: कोणी शेवटच्या पानावर पेन्सिलीने टिंब देई, कोणी अमुक पानाच्या आकड्याला गोल करी. आणि जवळजवळ प्रत्येक जण पुस्तक नेण्याआधी उभ्या उभ्या शेवटची दोन पाने वाचत असे. तेव्हा मला ते गमतीचे वाटे. पुढे जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंचे १९८४ चे 'रीडिंग द रोमान्स' वाचले. अमेरिकेतल्या एका गावच्या प्रेमकथा-वाचकांशी बोलून त्यांनी ते लिहिले, गावाला 'स्मिथटन' असे बदललेले नाव दिले. त्या बायकाही शेवट आधी वाचत. निर्दय नायक त्यांना आवडत नसे. त्यांना हवा होता मायाळूपणा, आणि क्रूरतेचा अर्थ शेवटी मायेत लागतो आहे ना, ही खात्री. भीती वाटून घ्यायची, पण तळ कुठे आहे ते आधी पायाने चाचपून. आमच्या लायब्ररीतल्या बायका हेच करत होत्या. हैदराबादमध्ये राधिका परमेश्वरन यांनी नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय तरुणींच्या मिल्स अँड बून वाचनाचा अभ्यास केला, तोही असाच वाचणाऱ्या मुलींकडूनच समजून घेत. या वाचक भोळ्या नव्हत्या. मी तरी एकही भोळी पाहिली नाही.

दरम्यान अमेरिकेत १९७२ मध्ये कॅथलीन वुडिविस यांची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' आली आणि शयनगृहाचे दार उघडे राहिले. नायक पहिल्याच भेटीत नायिकेवर बलात्कार करतो. सबब अशी की तो तिला वेश्या समजला होता. वेश्येवर चालते, असे त्यात गृहीत आहे, आणि त्याबद्दल पुस्तकाला काही वाटत नाही. उमरावाच्या मुलानंतरची ही दुसरी सबब. पुढची काही वर्षे ऐतिहासिक प्रेमकथांत तिचीच आवर्तने झाली. त्यांत मी फार रमले नाही.

आता डार्क रोमान्स. इथे तंत्रात एक मोठा बदल झाला आणि तो मला या प्रकाराचा कणा वाटतो. लबकचा नियम गेला. एक प्रकरण तिच्या तोंडून, एक त्याच्या, दोन्ही 'मी' म्हणून. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच कळते की हा माणूस तिच्यासाठी वेडा झाला आहे. जे आधी शेवटच्या पानावर मिळत असे, ते आता सुरुवातीलाच हातात ठेवले जाते. कोडे संपले. शेवट आधी वाचायची गरजही संपली. वाचकाला तळ माहीत आहे, पाण्यात पडलेल्या नायिकेला नाही. रात्री तिच्या घराबाहेर कोणी उभे आहे, या एकाच प्रसंगात ती घाबरते आणि आपण सुखावतो. जुन्या कादंबरीत वाचक नायिकेबरोबर अंधारात असे. आता ती नायकाबरोबर खिडकीबाहेर उभी असते.

एच. डी. कार्लटन यांची 'हाँटिंग ॲडलाइन' (२०२१) हे याचे गाजलेले उदाहरण. ॲडलाइन लेखिका आहे, आजीकडून आलेल्या जुन्या वाड्यात एकटी राहते. तिच्या पणजीच्या रोजनिशीतही असाच एक पाठलाग करणारा प्रियकर सापडतो, म्हणजे घराण्याची परंपराच. नायक झेड तिच्या घरात शिरतो, गुलाब ठेवून जातो, तिच्या आयुष्यातल्या पुरुषांना इजा करतो. पण तो बायका-मुलांचा व्यापार करणाऱ्या टोळ्यांचा कर्दनकाळही आहे. ही तिसरी सबब आणि सर्वांत सोयीची: नायकाशेजारी त्याहून मोठा राक्षस उभा करा. या कादंबरीत पिस्तूलही आहे. ते नायकाच्या हातात असते, आणि तो त्याचे जे करतो ते दिवाळी अंकात लिहिता येणार नाही. शंभर वर्षांत पिस्तूल डायनाकडून शेखकडे गेले, एवढे सांगितले तरी पुरे.

पुस्तकाच्या सुरुवातीला सूचनांची लांबलचक यादी असते: यात अमुक आहे, तमुक आहे, जपून वाचा. ही यादी मला मनापासून आवडते. उमरावाच्या मुलापेक्षा ती प्रामाणिक आहे. घडते आहे ते हिंसा आहे, हे पुस्तक स्वतःच्या तोंडाने कबूल करते. वुडिविसबाईंच्या काळात त्याला 'आवेग' म्हणत. पण ही यादी वाचणारीला दिलेली आहे, ॲडलाइनला नाही. वाचणारीची संमती पहिल्या पानावर घेतली, की नायिकेची घेतली नाही तरी चालते, असा एक छुपा सौदा त्यात होतो. जुन्या सबबी नायकाच्या बाजूने होत्या. यादी ही वाचकाच्या बाजूने केलेली सबब आहे.

कणखरपणाचे काय होते ते माफियावाल्या कादंबऱ्यांत सर्वांत स्पष्ट दिसते. नायिका तलवार, सुरी, कराटे काहीही जाणते. ती त्याच्या गळ्याला सुरी लावते. तो हसतो. त्याला ते आवडते. तिच्या धीटपणानेच तर तो वेडावला आहे. थेंबभर रक्त येते आणि पुढच्या ओळीत चुंबन. ही आजची बिनगोळीची काडतुसे. शेखला निदान रात्री चोरून येऊन ती भरावी लागली होती. इथे तिचा हल्ला हाच त्याच्या करमणुकीचा भाग असल्याने काही बदलून ठेवायची गरजच उरत नाही. ती जितकी जोरात लढेल तितका तो थोर ठरतो.

यामागे पैशाचे गणितही आहे. ॲमेझॉनची वर्गणीवर पुस्तके वाचू देणारी योजना २०१४ मध्ये सुरू झाली आणि २०१५ च्या मध्यापासून तिच्यातल्या लेखकांना वाचल्या गेलेल्या पानांनुसार पैसे मिळू लागले. पान उलटले तर दमडी. नायिका खरोखर निघून गेली तर गोष्ट थांबते. ती जायला निघाली, पकडली गेली, पुन्हा निघाली, पुन्हा पकडली गेली, तर गोष्ट तीन भागांत जाते. सुटकेचा अयशस्वी प्रयत्न हे या व्यवसायाचे रोजचे पीठ आहे.

सगळ्याच अशा नाहीत. सी. जे. रॉबर्ट्स यांची 'कॅप्टिव्ह इन द डार्क' (२०११) या प्रकारातली सुरुवातीची आणि अत्यंत कठोर कादंबरी. कोवळ्या वाचकांच्या हाती देऊ नये अशी. पण तिच्या दुसऱ्या भागात नायिका सुटून अमेरिकेत परतलेली आहे आणि तपास अधिकाऱ्यासमोर बसून आपली हकिकत सांगते आहे. काय सांगायचे, काय लपवायचे हे तिच्या हातात. नायकाचे पुढचे आयुष्य तिच्या एका वाक्यावर अवलंबून. ती त्याला वाचवते, हे मला पटत नाही. पण ती त्याला बुडवू शकत होती, हे पुस्तकाने मान्य केले आहे. वाचून अंगावर काटा आला तो त्या जबाबाच्या पानांनी, तळघरातल्या नव्हे.

मराठीत हा नायक पूर्वी नव्हता. आपला लोकप्रिय प्रेमकथेतला नायक हळवा, कवी, बाईने सावरावा असा. चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' आठवा. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात ती आली, अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये लेखक सुटला. त्यातला नायकही कवीच, एकामागून एक तीन स्त्रियांत गुंतणारा. त्या खटल्यात कित्येक वर्षे शोध चालला तो वाचकाची वासना चाळवते का याचा. गोष्टीतल्या बाईची इच्छा होती का, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत नव्हताच. आज आपण डार्क रोमान्सवर बोलताना नकळत त्याच जुन्या कायद्याची भाषा बोलतो: किती उघडे, किती झाकलेले. खरा प्रश्न दुसरा आहे.

तो दुसरा प्रश्न मला मोबाइलवर रोज एक भाग अशा येणाऱ्या मराठी कथामालिकांनी टोचला. तिथे शेख आता मुंबईचा उद्योगपती झाला आहे. थंड डोळ्यांचा, कोट्यधीश, कोणाला न जुमानणारा. नायिका मध्यमवर्गीय, मानी, 'माझा स्वाभिमान विकायला नाही' असे पहिल्या भागात सुनावणारी. पण मराठी लेखिका एक मोठा बदल करतात. त्या अपहरण करत नाहीत, लग्न लावतात. वडिलांचे कर्ज, बहिणीच्या जागी उभे राहणे, कराराचे लग्न, काहीही. पण दुसऱ्या-तिसऱ्या भागात मंगळसूत्र गळ्यात पडते आणि तंबूची जागा सासर घेते. आणि भाषेत एक अडचण उभी राहते जी इंग्रजी लेखिकेला कधी आलीच नाही: या माणसाला नायिका हाक काय मारणार? तिकडे सगळ्यांना एकच सर्वनाम. इकडे लग्नाआधी भांडताना ती त्याला 'तू' म्हणते, लग्नानंतर घरातल्यांसमोर 'हे', आणि ज्या भागात ती पहिल्यांदा 'अहो' म्हणते तो भाग वाचकांना सर्वांत गोड वाटतो. मला तो सर्वांत भीतिदायक वाटतो. 'तू' म्हणणे हे तिच्या पिस्तुलातले एकमेव खरे काडतूस होते, आणि ते सर्वांच्या कौतुकात काढून घेतले गेले.

अपहरणाऐवजी लग्न योजल्याने लेखिकांना वाटते की आपण गोष्ट सौम्य केली. झाले उलट. झेडचा पाठलाग हा आपल्याकडेही २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. शेखने केले ते कोणत्याही देशात गुन्हा. 'हाँटिंग ॲडलाइन' वाचणाऱ्या इंग्लंड-अमेरिकेतल्या बाईला पुस्तक मिटल्यावर कायदा आपल्या बाजूने आहे हे माहीत असते. इंग्लंडात १९९१ मध्ये न्यायालयाने नवऱ्याची सूट रद्द केली आणि १९९३ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत पत्नीवरचा बलात्कार या ना त्या स्वरूपात गुन्हा ठरला होता. आपल्याकडे वर्मा समितीने २०१३ मध्ये ही सूट काढा असे सुचवले. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे याच मुद्द्यावर दुमत झाले. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही, पत्नी अठरा वर्षांवरील असेल तर नवऱ्याचा संबंध बलात्कार मानायचा नाही, हा अपवाद तसाच आला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लैंगिक छळ मोजतो, पण तो दिलासा देणारा कायदा. त्या कृत्याला तो गुन्हा ठरवत नाही.

'कल्पनाच ती' हा बचाव इंग्रजीत मला बऱ्याच अंशी मान्य असूनही मराठी मालिकांच्या बाबतीत लटका वाटतो, त्याचे कारण हे. कल्पनेची मजा वास्तव वेगळे असण्यात असते. उद्योगपतीच्या बंगल्यातल्या नायिकेने 'नको' म्हटले आणि त्याने ऐकले नाही, तर ती पोलीस ठाण्यात जाऊन नेमकी कोणती तक्रार लिहिणार? तिच्या पिस्तुलातून गोळी काढून ठेवणारी व्यक्ती त्या कथेची लेखिका नाही. लेखिकाही तेच पिस्तूल घेऊन घरात वावरते आहे. कदाचित म्हणूनच ती त्या नवऱ्याला इतक्या हट्टाने, इतक्या भागांत, मायाळू करून दाखवते. रॅडवेच्या स्मिथटनकर बायका म्हणत होत्या ते इथे जास्त निकडीने लागू पडते.

या मालिकांतही एक भाग ठरलेला असतो. नायिका बॅग भरते, दाराबाहेर पडते, एसटी स्टँडपर्यंत पोचते. तेवढ्यात फोन वाजतो: सासूबाईंना हृदयविकाराचा झटका आला आहे. ती परत फिरते. रुग्णालयाच्या पायऱ्यांवर तो उभा असतो, डोळे लाल, दाढी वाढलेली. सिल्व्हर स्टारला गोळी इथे अशी लागते. अलीकडे मी या मालिका वाचताना प्रेमाचे प्रसंग भराभर उलटते आणि स्टँडवरचा भाग सावकाश वाचते. तिकिटाचे पैसे तिने कुठून आणले हे लेखिकेने लिहिले आहे का, आणि गाडी कोणत्या गावची आहे, एवढे मी पाहते. तिकिटाची रक्कम लिहिलेली मला आजवर दोनदाच सापडली. त्यांतल्या एकीत नायिका गाडीत चढते, खिडकीशी बसते आणि पुढचा भाग येत नाही. मालिका तिथेच बंद पडलेली आहे. खाली वाचकांच्या विचारणा आहेत, पुढचा भाग कधी येणार. मीही त्यांत एक ओळ लिहून ठेवली आहे.